‘विशेष काही’चा रकाना

२ नोव्हेंबर, शनिवार
मॉनेट बोलली! सात शनिवार नुसतं ‘हं’ आणि ‘माहीत नाही’. दर शनिवारी भेटायला म्हणून संस्थेने ही पोर माझ्याकडे सोपवली, तेव्हाच बजावलं होतं — सोळा वर्षांची आहे, मारामारीपायी कोर्टात गेलेली, धीर धरा. धरला. पण सव्वीस वर्षं शाळेची बस चालवून इतकी घुमी पोर पाहिली नव्हती. आज दोघींमध्ये तळलेल्या ‘लेक ट्राउट’चा पुडा होता. म्हणते, “मिस ओडेसा, हा मासा तळ्यातला नाही आणि ट्राउटही नाही. तरी अख्खं बाल्टिमोर मिटक्या मारत खातं. आणि खोटारडी म्हणे मी!” हसता हसता मला ठसका लागला.

मग आपणहून सांगितलं. कोर्टाने तिला मावशीकडे ठेवलंय, संध्याकाळी सातच्या आत घरात. पण आई रात्रपाळीला, हॉस्पिटलच्या चादरी धुते. घरी सहा वर्षांची लिरिक एकटी. म्हणून मावशी झोपली की ही मागच्या दाराने जाते, बहिणीपाशी झोपते, उजाडायच्या आत परत. ऊर भरून आला माझा.

४ नोव्हेंबर
मॉनेटच्या भेटींचा संस्थेला द्यायचा महिन्याचा फॉर्म भरला. तळाशी ‘विशेष काही’ असा रकाना असतो, मी नेहमी कोराच सोडते. आज समासापर्यंत लिहिलं. बहिणीवरची माया, रात्रीचं जाणं, सगळं. आजवर कोणी कौतुक केलंय का पोरीचं?

७ नोव्हेंबर
पॅट्रिसचा फोन — संस्थेत आमचं सगळं तीच पाहते. “ओडेसा, हे लिहिलंस कशाला? मला ते कोर्टातर्फे तिच्यावर नजर ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरकडे धाडावंच लागतं.” मी म्हटलं, अगं, चांगलंच लिहिलंय की! “ती सातनंतर बाहेर पडते, हे लिहिलंयस.”

सातचा नियम मला ठाऊक होता. तरी कौतुकाच्या भरात डोक्यात आलाच नाही. अक्कल गहाण ठेवली होती मी!

९ नोव्हेंबर, शनिवार
मावशीच्या पायरीवर तासभर बसले. शेवटी मॉनेटने दार बोटभर उघडलं. “चुगलखोर!” एवढंच, आणि दार बंद.

आमच्या गल्लीत चोराला माफी असते, चुगलखोराला नाही. मी इथेच वाढले. हा शब्द मीही लोकांच्या तोंडावर फेकलाय.

१३ नोव्हेंबर
सुनावणी मंगळवारी. मलाही साक्षीला बोलावलंय.

१९ नोव्हेंबर
कोर्टात मॉनेटच्या आईने शपथेवर सांगितलं, रात्री लिरिकपाशी शेजारीण असते. कसली शेजारीण! पण तसं सांगितलं नसतं तर सरकारने लिरिकला उचललंच असतं.

मग मी उभी राहिले. न्यायाधीशबाईंनी फॉर्म वर धरला. “सही तुमची ना? लिहिलंय ते खरं?” मी खोटं बोलायला तोंड उघडलं — देवाशप्पथ उघडलं! तेवढ्यात मॉनेटच उठली. “मिस ओडेसांना खोटं बोलता येत नाही. मी जात होते.”

तीस दिवस सुधारगृह. माझ्याकडे न बघता गेली.

२० नोव्हेंबर
सुधारगृहातून मॉनेटचा फोन. मला वाटलं, शिव्या घालणार. “मिस ओडेसा, बोलू नका, ऐका. दहाच मिनिटं आहेत. लिरिक आठला झोपते. अंधाराला भीत नाही, शांततेला भिते. रेडिओ लावा. चावी आईकडून घ्या.”

मी म्हटलं, बाळा, मुलांच्या घरी रात्र काढायची संस्थेची आम्हाला सक्त मनाई आहे. कळलं तर मला काढतील. तुझी माझी भेट कायमची बंद होईल.

“मग कळू देऊ नका.”

२ डिसेंबर
लिरिकच्या वेण्या घालता घालता आठवलं, आज फॉर्म द्यायचा. तिच्याच टेबलावर भरला. विशेष काही? — लिहिलं, ‘काही नाही.’