पळवलेली शिंगं

बिश्केक, ४ सप्टेंबर

ती. कालिपा एजेस,
बेगिमायचा सा. न. वि. वि. थोरली बहीण आहेस म्हणून नमस्कार, नाहीतर तोही घातला नसता.

कारखान्यातल्या पाच बायकांसमोर तू मी लोकर दाबून केलेला पातळ नमदा उचललास आणि याने नाक पुसावं म्हणालीस. मी ते विसरलेले नाही. म्हणूनच निघताना तुझ्या शिरदाक गालिच्यासाठी नमद्यातून कातरलेली मेंढ्याच्या शिंगांची नक्षी पोत्यात भरून सगळी इकडे आणली. मेळा आठ दिवसांवर आलाय आणि तुझी लोकर संपलीय, हे मला ठाऊक आहे. आता नक्षीच्या जागी भोकं पडलेला गालिचा मांड दुकानात! तोंडावर आपटलीस की कळव, बोरसोक तळून गल्लीभर वाटीन.

मुलांना पापे. तुझा लोभ नसला तरी माझं काही अडत नाही.
बेगिमाय


कोचकोर, १५ सप्टेंबर

चि. बेगिमायस,
दातओठ खाऊन अनेक आशीर्वाद.

तेल तापवायची घाई करू नकोस. त्या भोकांत मी तू इथेच टाकून गेलेला तुझाच तांबडा पातळ नमदा शिवला. चारचौघांनी बघावं आणि तुझी छीथू व्हावी, एवढ्याचसाठी. फाटतो का म्हणून दोनदा ओढूनही पाहिला.

नाही फाटला मेला! उन्हात टांगला तर जाड काळ्या नमद्यात तांबडी शिंगं अशी उजळली की माणसं थांबायला लागली. नारिनची एक खाणावळवाली म्हणाली, हा गालिचा कसला, हा तर खिडकीचा पडदा. थंडी अडवतो आणि उजेड आत सोडतो. बारा हवेत म्हणाली. कल्पना कुणाची, असंही विचारलं. जीभ रेटत नव्हती, पण तुझं नाव सांगितलं.

जाड माझा, पातळ तुझा; एकटीच्याने हे व्हायचं नाही. इथल्या पाचजणी माझ्या होला हो करतात, आणि त्यातून आजवर एक नवा टाका निघालेला नाही. तू ये. मात्र ज्या दिवशी मला हो म्हणशील, त्या दिवशी हाकलून देईन.

राग हवा तेवढा धर, लोभ सोडू नकोस.
कालिपा


बिश्केक, १९ सप्टेंबर

ती. एजेस,
सा. न. वि. वि.

तुझी फजिती कधी कानावर येते म्हणून रोज टपालाची वाट बघत होते, आणि तू भर मेळ्यात माझं नाव घेतलंस! इतका जपलेला माझा राग तू फुकट घालवलास. याची मात्र तुला कधीच माफी नाही.

गुरुवारी येते. पडद्याला काळा नमदा चालणार नाही, पांढराच हवा. तू नाही म्हणशील. म्हण.

तुझी,
बेगिमाय