प्रार्थनेचा विषय

गुरुवार, ११ जानेवारी

"देवाला सगळं ठाऊक असतं ना? मग चौघांना सांगून काय होतं?" — ताईनं आज भर सभेत विचारलं.  एक वचन आठवलं, तेही अर्धवट. तीन दिवसांच्या शिबिरात गृहसभा कशी चालवायची ते सगळं शिकवलं, हे मात्र नाही!

पोस्टमनकाका धावून आले. "अगं, पत्र पोचतंच. पण चौघांनी बोलत बोलत पेटीपर्यंत गेलं तर रस्ता लवकर सरतो." नर्सबाई हसल्या. ताई नाही हसली. ती शिवणकाम करते, बोलताना नजर समोरच्याच्या शिवणीवर. माझ्या बाहीचा उसवलेला टाका तिनं प्रार्थना चालू असताना पाहिला. आमेन म्हटल्यावर सांगितला.

आठ खुर्च्या मांडल्या होत्या. माझी धरून चार भरल्या.

शुक्रवार, १२ जानेवारी

घरून फोन. बाबा कामावर सगळ्यांना सांगतात म्हणे — "आमची पोर पदवीधर, वर देवाची सभा चालवते." ते फरशा बसवतात, ऐकणारा बिचारा गुडघ्यावर बसलेला असतो, पळणार कुठे?

आई म्हणाली, "एकटीच जेवतेस का गं?" मी म्हणाले, "छे! खोली भरलेली असते." गुरुवारी भरलेली असते. पाऊण तास.

बाकी आठवडा नेत्रालयाच्या नोंदणीच्या खिडकीत. नाव? वय? पत्ता? दिवसाला दोनशे माणसं. माझं नाव कुणी विचारत नाही. का विचारावं म्हणा! छापखान्यावरच्या या खोलीत राहायला आले त्याला सात महिने झाले. शाईचा वास आता येईनासा झालाय.

रविवार, १४ जानेवारी

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवलं. प्रेमानंच. माझे साप्ताहिक अहवाल हातात होते. "अक्षर सुंदर. पण 'प्रार्थनेचे विषय' या रकान्यात काय? गुडघेदुखी, भाचीची परीक्षा, गुडघेदुखी. तुमच्या गटात लोक मन मोकळं करत नाहीत का?"

दुपारभर तेच डोक्यात. बारा गटांत माझाच गट कोरडा.

गुरुवार, १८ जानेवारी

आज झालं! ताई बोलली.

नेहमीसारखी प्रार्थना संपली, चहाचे कप उचलायला मी उठले, तेवढ्यात ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मी सगळ्यांना सांगते तसा माझा नवरा परगावी कंपनीत नाहीये. तुरुंगात आहे." ज्या दुकानात कामाला होता तिथेच चोरी केली. तीन वर्षांची शिक्षा, एक उलटलं. सासूला यातलं काही ठाऊक नाही. म्हातारीला वाचता येत नाही. दर महिन्याला त्याचं पत्र येतं, ताई वाचून दाखवते, 'तुरुंग' आलं की 'कंपनी' म्हणते. "जेलरला सुपरवायझर केलंय मी. आईंना तो फार आवडतो. म्हणतात, देवमाणूस आहे, पोराला वेळेवर जेवू घालतो."

आम्ही हसलो. तीही हसली, आणि मग रडली. नर्सबाईंनी तिला जवळ घेतलं. काका चष्मा पुसत बसले, बराच वेळ. मी प्रार्थना केली.

हेच! यासाठीच तर हे सगळं सुरू केलं.

शुक्रवार, १९ जानेवारी

अहवाल दिला. रकाना पुरला नाही, मागच्या बाजूला लिहावं लागलं. "पती चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात. सासूबाईंना कळवलेले नाही. धैर्यासाठी व कृपेसाठी." लोकांनी जपून राहावं म्हणून सासूबाईंचं मुद्दाम लिहिलं.

शनिवार, २० जानेवारी

पाळकसाहेबांचा फोन! "याला म्हणतात गट." पाळकबाईंनी विषय प्रार्थनासाखळीवर टाकलासुद्धा, एका घरानं दुसऱ्याला फोन करायचा. ऐंशी घरांतून आज ताईसाठी प्रार्थना होतेय. आणि पुढची बातमी — १५ फेब्रुवारीला बाहेरगावचं पाहुणेमंडळ येतंय, नमुना म्हणून माझी सभा बघायला. माझी!

गुरुवारी ताईसाठी काहीतरी आणून ठेवीन म्हणते.

गुरुवार, २५ जानेवारी

ताई आली नाही. काका आले. नर्सबाई उशिरा आल्या आणि बसल्याच नाहीत, उभ्यानंच सांगितलं.

सोमवारी महिला मंडळाच्या तिघी फळं घेऊन ताईकडे गेल्या होत्या. ताई काज-बटणं आणायला बाहेर. म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून कानाशी ओरडून सांगितलं — "आजी, धीर सोडू नका! पौल प्रेषितसुद्धा तुरुंगात होता!"

"कोण तुरुंगात?" आजींनी विचारलं. मग तिघींनी सगळं नीट समजावून सांगितलं. प्रार्थनाही केली.

नर्सबाई म्हणाल्या, "त्यांना कुणी सांगितलं?" मी म्हणाले, मी. त्यांनी पर्स उचलली.

मी तशीच उतरून ताईच्या दारात गेले. आत मशीन चालू होतं. कडी वाजवली, मशीन थांबलं. पुन्हा वाजवली. मशीन सुरू झालं.

शुक्रवार, २६ जानेवारी

साखळीचं मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. नवीन आलेल्यांना मीच कौतुकानं सांगायचे, ऐंशी घरं म्हणून. ताईला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि रकाना कोरडा राहिला असता. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

शनिवार, २७ जानेवारी

दार उघडं होतं म्हणून आत गेले. ताई मशीनवर, मान खाली. आजी कॉटवर, भिंतीकडे तोंड करून.

"चुकले, ताई."

"कापड आणलंयस का काही?"

"नाही..."

"मग गिऱ्हाईक नाहीस." टाका तोडला. "शिकलेली ना गं तू? रकाने भरायला छान शिकवलं तुला."

"मला वाटलं सगळ्यांनी मिळून —"

"पाच दिवस झाले, माझ्या हातचं पाणी घेत नाहीत त्या. म्हणतात, पोरगा चोर निघाला ते सोसेन, सून वर्षभर तोंडावर खोटं वाचत होती ते नाही सोसणार." मग हळू आवाजात, "मी कुठं कुणाला सांगत होते? तुमच्या तिथं कसं काय बोलून गेले, माझं मलाच कळत नाही."

मी उभीच. तिनं माझ्या बाहीकडेसुद्धा पाहिलं नाही.

गुरुवार, १ फेब्रुवारी

फक्त काका. दोघांनी एक गीत म्हटलं. त्यांचा सूर खाली, माझा वर. मध्येच थांबलो. "पोस्टात छत्तीस वर्षं काढली," म्हणाले. "कुणाचं पत्र फोडलं नाही बघ कधी." टोमणा नव्हता, आठवण होती. म्हणून जास्त लागलं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

नाव, वय, पत्ता. याखेरीज आज तोंडातून शब्द निघाला नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सभेच्या वेळेला जिन्यावर काठी वाजली. आजी! दोन मजले चढून! काकांनी खुर्ची दिली, ती घेतली नाही.

"तू का ती?"

"हो, आजी."

"सुनेला म्हटलं, मला पोराकडं ने. ती म्हणते, वर्षभर तोंड लपवलं, आता कोणत्या तोंडानं नेऊ? जिनं बभ्रा केला तिनंच न्यावं म्हणते." दम लागला होता. "नेतेस का?"

भेटीचा वार गुरुवार. तोही महिन्यातला तिसराच. म्हणजे १५. पाहुणे यायचे तो.

"नेते," म्हणाले मी. 

शनिवार, १० फेब्रुवारी

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, पाळकबाई तर रडल्या. पण — "पुढच्या महिन्यात ने की आजींना. पाहुणे बघून गेले तर आणखी दहा गट उभे राहतील. खुर्च्यांची काळजी करू नकोस, माणसं मी पाठवतो. तू फक्त साक्ष दे."

"ताईची?"

"नाव न घेता."

विचार करून सांगते म्हणाले. लाज याची वाटते की खरंच विचार करतेय. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, मी मध्ये बसलेली. डोळ्यांपुढून जात नाही ते.

सोमवार, १२ फेब्रुवारी

बाबांना फोन केला. खोली भरलेली वगैरे काही नाही हेही सांगून टाकलं.  ते म्हणाले, "मी एकदा एका बाईच्या स्वयंपाकघरात अख्खी ओळ वाकडी लावली होती."

"मग?"

"मग काय. सुट्टीच्या दिवशी जाऊन उखडली. ती बाई बोलेना. पाणी विचारलं नाही."

"आणि?"

"आणि काय? लावली परत."

मागून आई ओरडत होती, "जेवली का विचारा तिला, जेवली का!"

गुरुवार, १५ फेब्रुवारी

जाऊन आलो. सकाळी सहा चाळीसच्या बसनं. काल संध्याकाळीच अहवालाची वही पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवली, वर चिठ्ठी — उद्या सभा नाही, साक्ष नाही, यापुढे अहवाल नाही. खोलीला कुलूप लावून निघाले. पाहुणे पाच वाजता येऊन गेले असतील.

ताई बसपर्यंत आली होती. आजींना खिडकीजवळ बसवलं, शाल नीट केली. माझ्याशी बोलली नाही.

आत फक्त नातेवाईक सोडतात. आजी गेल्या. मी भिंतीलगतच्या बाकावर बसले, दोन तास. बाक बायकांनी भरलेला, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेजारची सरकली आणि हळूच म्हणाली, "तुमचं कोण आहे आत?"

"दाजी," मी म्हणाले.