पडवीतला चौथा पाहुणा

देवबाग, ६ जानेवारी

ती. सुभद्राआत्येस,
तन्वीचा शि. सा. न. वि. वि.

तुला ऐकू येत नाही म्हणून फोन नाही, आणि मोबाइलवर लिहिलेलं तुला भांडल्यासारखं वाटतं, म्हणून हे पत्र.

रविवारची आमची लाइव्ह चर्चा दीपेशने तुला दाखवली ना? किनाऱ्यावर दगडी बंधारा घालायचा का, यावर गावाच्या पेजवर चार पाहुणे आणि सूत्रसंचालन माझं. कोणी कोणाच्या बोलण्यात तोंड घातलं नाही, कारण पाळी नसेल त्याचा आवाज मी बंद ठेवत होते. लोक म्हणाले, टीव्हीवाल्यांना जमत नाही ते दत्तारामच्या पोरीने जमवलं.

भाई सरपंच आणि शेजारच्या शर्मिलाकाकी बंधारा हवाच म्हणाले. समुद्र दारात आलाय गं, माझ्या होमस्टेपुढच्या माडांची मुळं उघडी पडलीत. अडचण एकच. दगडांवरून रांपण ओढता येत नाही, जाळं ओढायला मोकळी वाळू लागते. पण इंजिनियरसाहेब म्हणाले, बंधाऱ्यात जिथे वाट सोडाल तिथलं मागचं घर समुद्राचं समजा. मग आपल्या दारात वाट कोण मागणार?

रांपणकरांतर्फे बाबा होते, पडवीत वेगळा मोबाइल घेऊन; मी आतल्या खोलीत, कानांत हेडफोन घालून. पाळी आली तर ढिम्म! माझे डोळे लोकांच्या कमेंटवर होते, पण कान त्यांच्याकडेच. आवाज येईना, तेव्हा मी म्हटलं की बाबांना काही सांगायचं नसावं, पुढे जाऊ. खरं सांगू? हायसंच वाटलं. भर कार्यक्रमात भांडले असते तर? सलग बंधाऱ्याचा ठराव झाला, महिनाअखेरीस मंजुरीला मालवणला जाईल.

तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की उचलून मागीलदारी जातात. आईमागे आम्ही दोघंच, आणि घरात हे असं. तू मोठी बहीण, चार शब्द लिही त्यांना.

तुझ्या मायेवर हक्क आहे म्हणून एवढं मागते.
तन्वी


कुडाळ, १० जानेवारी

चि. तन्वीस,
आत्येचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गो बाय, शाबासकी मागाहून, आधी तुझे कान उपटते. ढिम्म कोण बसला होता? दत्तू बोलत होता! हात नाचवत, मान हलवत, माझा चहा निवेपर्यंत. दीपेशला विचारलं तर म्हणाला, मामाचा आवाजच येत नाही. मला कोणाचाच येत नाही, म्हणून मी ओठ बघते. आणि ते तोंड मी त्याला दात नव्हते तेव्हापासून बघतेय.

तो म्हणत होता की बंधारो घाला, माका राग नाय. पण रांपणीक वाट व्हयी, ती माझ्या घराफुडे सोडा. घर गेला तर गेला. मग म्हणाला, तन्वीक अजून विचारूक नाय, हयच सगळ्यांसमोर विचारतंय, चलात मां गो तुका?

चालेल ना, असं विचारणाऱ्या बापाला तू काय उत्तर दिलंस? पुढे जाऊ. आता त्याच्या घशाखाली तुझ्यासमोर घास कसा उतरेल?

वाटसरूनेही रांपणीच्या दोरीला हात लावला तर त्याला मासळीचा वाटा मिळतो, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या चर्चेत मात्र बापाला वाटा मिळाला नाही. मी त्याला लिहिणार नाही. तुझं तू निस्तर.

तिखट लिहिलं तरी माया कमी नाही, हे तू जाणतेस.
सुभद्राआत्या


देवबाग, १९ जानेवारी

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

रेकॉर्डिंग बघितलं. बाबांचा आवाज मीच बंद केला होता आणि उघडायला विसरले. त्यांना जाऊन सांगितलं, तर एवढंच म्हणाले की आसूंदे.

पण आत्ये, मला रागही आला. कुडाळची नोकरी सोडून याच घरात हा होमस्टे मी उभा केला, आणि त्यांनी तो मला न विचारता देऊन टाकावा? रेकॉर्डिंग पुसून टाकावं असंही मनात आलं. तुझ्याशिवाय कोणाला कळलं होतं?

काल रांपण लागली. मी जाऊन दोरी धरली, हात सोलवटले. बाबांनी बघितलं. शेवटी माझा वाटा पिशवीत घालून दिला, परक्याला देतात तसा. घरी येऊन खूप रडले.

रविवारी पुन्हा लाइव्ह आहे, ठराव जायच्या आत. पाहुणे एकटे बाबा. त्यांचा प्रश्न तुझ्या पत्रातून मी मोठ्याने वाचणार आणि उत्तर तिथेच देणार. हो म्हणायचं ठरवलंय.

तुझी नजर माझ्यावर राहू दे.
तन्वी


कुडाळ, २५ जानेवारी

चि. तन्वीस,
अनेक आशीर्वाद.

आत्ताच बघितलं. तुझं हो मी ओठांवरून वाचलं, दीपेशला विचारावं लागलं नाही. उद्या पाणी खरंच उंबऱ्याला लागलं तर माझं घर तुमचंच आहे, कुडाळात समुद्र येत नाही.

दत्तू मात्र मोबाइलकडे पाठ करून तुझ्याकडेच तोंड करून बसला, त्यामुळे तो काय म्हणाला ते मला कळेना. पंचा तेवढा डोळ्यांकडे गेलेला दिसला. दीपेशला म्हटलं, आवाज बंद राहिलाय का बघ रे. तो म्हणाला, आवाज चालू आहे आई, मामाच काही बोलत नाहीय.

आज तरी एकत्र जेवलात का, तेवढं कळव.
तुमची दोघांची,
सुभद्रा