तिसऱ्या रांगेतली आलेखवही

सर, आम्ही दहावी 'ब'ची मुलं. आमच्या सगळ्यांची तुमच्याबद्दल एकच तक्रार आहे. तुम्ही आम्हाला एकेकाला उभं केलंत आणि कुणालाही 'बस' म्हणाला नाहीत. घंटा व्हायची, तुम्ही खडूचे हात झटकून निघून जायचात आणि उभा असलेला उभाच राहायचा, कारण बसायची परवानगी तुमच्याबरोबर वर्गाबाहेर गेलेली असायची. आमच्यातला एक आज सरपंच आहे, एक परळीच्या थर्मल वीजकेंद्रात कंत्राटावर आहे, एकाचं कापडाचं दुकान आहे. कुणाच्या लग्नात पंगतीला शेजारी आलो की तुमचा विषय निघतो आणि सरपंचाचासुद्धा आवाज खाली येतो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं सगळे सांगतात. मरण आलं की चांगुलपणा आपोआप मिळतो, जिवंतपणी कमवावा लागत नाही. मी तो तुम्हाला देणार नाही. बोलायला तुम्हीच शिकवलंत, आता ऐका.

तुमचं स्वयंपाकघर मला आठवतं. शाळा सुटली की मी तिथे ओट्याला पाठ लावून उभा असतो, काकू भाकरी थापत असतात, स्टोव्ह फरफरत असतो आणि तुम्ही पाटावर बसून म्हणता, स्टोव्हच्या वर आवाज काढ. थर्मलची राख खिडकीतून येऊन ओट्यावर रोज बसायची, काकू रोज पुसायच्या. त्यांनी पुसण्याआधी तुम्ही त्या राखेत बोटाने माझ्या भाषणातल्या जागा काढून दाखवायचात. इथे श्वास. इथे गप्प. इथे बोट रोखायचं. बोट कुणाकडे रोखायचं, असं मी एकदा विचारलं. त्यावर तुम्ही जे सांगितलंत, त्याच्यावर मी आजपर्यंत पोट भरलंय. 'गर्दीशी कधी बोलायचं नाही,' तुम्ही म्हणालात. 'गर्दीतला एक निवडायचा. त्याला उभं करायचं. बाकीचे आपणहून तुझ्या बाजूचे होतात, कारण ते बसलेले असतात.' पुढे मी खूप वाचलं. राजांचं वाचलं, क्रांत्यांचं वाचलं, न्यायालयांतल्या युक्तिवादांचं वाचलं. इतक्या कमी शब्दांत इतका नीचपणा मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

त्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता, व्हिडिओ गेम शाप की वरदान. मला तुम्ही शापाची बाजू दिलीत. तुम्हाला ठाऊक नव्हतं की तुमच्याकडे तालमीला येण्याआधी मी रोज बसस्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात असायचो. माझ्यासोबत माझा मित्र असायचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा मुलगा. तो क्वचितच खेळायचा. तो काढायचा. गणिताची आलेखवही मांडीवर घेऊन तो त्या खेळाची सगळी वाट चौकटी मोजत कागदावर उतरवायचा. भिंत कुठे, खड्डा कुठे, उडी किती घरांची. मी ते पाठ करायचो आणि खेळायचो, आणि दुकानातली मोठी पोरं माझ्या पाठीवर थाप मारायची, त्याच्या नाही. पहिला भाग आम्ही संपवला होता. दुसरा भाग येणार, आधी अंबाजोगाईला येणार आणि मग परळीला, असं दुकानदार दर आठवड्याला सांगायचा. मित्राने त्याच्यासाठी वहीची मागची पानं कोरी ठेवली होती. गणिताच्या तासाला जागा कमी पडली तरी त्या पानांना तो हात लावायचा नाही.

ती वही तुम्हाला सापडली ती माझ्या दप्तरात. काकू भाकरी उलटत होत्या. तुम्ही पानं चाळलीत आणि विचारलंत, कुणाची? 'आमची' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, त्याची. खोटं नव्हतं, वर त्याचंच नाव होतं. वही त्याची तर तुझ्या दप्तरात कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत. इतक्या बारकाईने शुद्धलेखन तपासणारा माणूस एवढी मोठी चूक सोडतो तेव्हा ती मुद्दाम सोडलेली असते. तुम्हाला माझा आवाज हवा होता, म्हणून मी सुटलो. तुम्ही वही तांदळाच्या डब्यावर ठेवलीत आणि म्हणालात, 'उदाहरण मिळालं.'

स्पर्धेच्या दिवशी मैदानात मांडव होता. मुलं सतरंजीवर, पालक मागे खुर्च्यांवर. मिस्त्रीने त्या दिवशी गॅरेज बंद ठेवलं होतं आणि इस्त्रीचा शर्ट घालून तो आला होता, कारण पोराने त्याला सांगितलं होतं की माझा दोस्त बोलणार आहे. तुम्ही तुमचं घड्याळ माझ्या मनगटाला बांधलंत, काटे आतल्या बाजूला, बोलताना चोरून पाहता यावेत म्हणून. चौथ्या मिनिटाला बोट गेलं तिसऱ्या रांगेकडे. ऊठ, म्हणालो मी. तो उठला. हसत उठला, सर. तुम्ही व्यासपीठावरून वही माझ्या हातात दिलीत. मी पानं उघडून सभेला दाखवली आणि म्हणालो, गणितात नापास होणारा हात बघा काय काढतो. तो अजून हसतच होता. तेव्हा मी म्हणालो, 'बघा, हसतोय. व्यसनाला लाज नसते.' हे वाक्य तुमचं नव्हतं. ते मला तिथल्या तिथे सुचलं. तुम्ही मान डोलावलीत. टाळ्या पडल्या त्या ह्याच वाक्याला.

मिस्त्री खुर्च्या सरकवत पुढे आला, पोराच्या दंडाला धरलं आणि मांडवाबाहेर घेऊन गेला. मारलं नाही, ओरडला नाही. दुसऱ्या दिवसापासून मित्र शाळेत आला नाही. आठवड्याने मी तुम्हाला ओट्याजवळ विचारलं, सर, तो येत नाही. तुम्ही राख पुसत म्हणालात, 'उदाहरणाची चौकशी करायची नसते. पुढचं भाषण पाठ कर.' जिंकलेली ढाल तुमच्या कपाटात गेली. घड्याळ मला बक्षीस मिळालं. वही कुठे गेली ते मला माहीत नाही. काकूंनी बंबात घातली असेल, तर निदान मागची कोरी पानं लवकर पेटली असतील.

मी मोठा झालो, तुमच्यापेक्षा मोठा. धारूरला, तेलगावला, कुठल्याही कॉलेजात माझं व्याख्यान असलं की दारात चपला मावत नाहीत. मोबाइल, गेम, बिघडलेली पिढी. प्रत्येक ठिकाणी मी एकाला उभं करतो. तेलगावात एका मुलीला उभं केलं, ती रडली, मला शाल आणि नारळ मिळाला. येताना गाडीत मी तो प्रसंग मनात पुन्हा चालवला आणि मला बरं वाटलं. हे तुम्हाला कळेल. दुसऱ्या कुणाला कळू नये.

आणि आता हे ऐका. एकदा धारूरच्या घाटात माझी गाडी बंद पडली. परळीहून जो मिस्त्री आला तो माझा तोच मित्र होता, आता बापाचं गॅरेज चालवणारा. दहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. त्याने बॉनेट उघडलं, म्हणाला, 'पाणी बघत नाहीस काय बे गाडीतलं,' आणि तिथून पुढे आम्ही पुन्हा बोलू लागलो, जणू मधलं काही झालंच नाही. त्याच्या गॅरेजमागच्या खोलीत एक संगणक आहे. एक मोठा खेळ आहे, अख्खं शहर असलेला, मोटारी पळवण्याचा, जगभर ज्याचं वेड आहे तो. त्याचा आधीचा भाग आम्ही दोघांनी तिथे संपवला. मी दुपारी कुठेतरी खेळांवर आग ओकून यायचो आणि संध्याकाळी त्याच्या खोलीत टायरवर बसून खेळायचो. तेव्हा त्याची मुलगी त्याच्या मांडीवर बसेल एवढी होती. आज ती अकरावीत आहे, तुमच्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात, आणि त्या खेळाचा पुढचा भाग अजून यायचा आहे.

एवढी वाट परळीत कुणी कशाची पाहिली नसेल. गॅरेजच्या भिंतीवर टायर कंपनीचं कॅलेंडर आहे. त्यावर खेळ येण्याच्या तारखेभोवती लाल गोल होता, तो खोडला गेला. मग दुसरी तारीख, तीही खोडली गेली. आता तिसरा गोल आहे. थर्मलची कंत्राटी पोरं पंक्चर काढायला येतात आणि आधी विचारतात, तारीख हाय का पुढं गेली? खेळाची दोन मिनिटांची झलक आली तेव्हा बापलेकीने ती महिनाभर थांबवून थांबवून पाहिली. एक मोटार सिग्नलला उभी असते. 'आवाज चुकलाय इंजिनाचा,' मिस्त्री म्हणाला, 'पण बॉनेट हलतंय बराबर.' मुलगी तेवढ्या दोन मिनिटांवरून शहराचा नकाशा काढते आहे. पूल कुठे, सावली कुठून पडते, म्हणजे उत्तर दिशा कोणती, म्हणजे हा रस्ता कुठे जात असणार. आलेखवहीत. तिला कुणी शिकवलं हे मी विचारलं नाही.

गेल्या पंधरवड्यात तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. तुमच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला सुरू करताहेत, पहिलं पुष्प मी गुंफायचं. दिवस तोच, लाल गोलाचा. मुद्दाम निवडलाय. 'त्या दिवशी एक पोरगं कॉलेजात येणार न्हाई, म्हणून तर तुमाला बोलावतोय,' ते म्हणाले. हजेरी सक्तीची. मग चहा घेता घेता त्यांनी सांगितलं की एका गॅरेजवाल्याची मुलगी आहे, तिची त्या खेळाच्या नकाशांनी भरलेली वही वर्गशिक्षकांनी जप्त केली आहे, ती ते माझ्या हातात देतील. मी काय म्हणालो असेन, सर? नाही म्हणालो? उठून गेलो? मी विचारलं, कोणत्या रांगेत बसते?

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. तो जीपखाली होता. माझे बूट ओळखून खालूनच म्हणाला, 'आले का वक्ते. कावून आलास?' मी म्हणालो, सहज. तो बाहेर आला, हात पुसले, कॅलेंडरकडे बघितलं. तिची वही गेल्याचं त्याला ठाऊक होतं, व्याख्यान कुणाचं हेही ठाऊक होतं. म्हणाला की त्या दिवशी तिला घरीच ठेवणार होतो, पण न आल्यास परीक्षेला बसू देणार नाहीत असं लेखी आलंय. मग तो फडक्याने पाना पुसू लागला.

'त्या दिवशी मी हसत उठलोतो बे,' तो म्हणाला. 'मला वाटलं, आभार मानायलास माझे. नकाशांचे. बापाला म्हनून तर आनलं होतं.'

ज्याला तिथल्या तिथे सुचतं अशी ख्याती असलेल्या मी खाली पडलेला एक नट उचलून त्याच्या हातात दिला.

'मला उभं केलंस, झालं. लई वरसं झाली,' तो म्हणाला. 'तिला बसू दे.' मी बरं म्हणालो. त्याने मला चहा पाजला आणि मागच्या खोलीतला एक टायर पायाने पुढे सरकवून दाखवला, धुऊन ठेवलेला. व्याख्यान आटोपून ये, म्हणाला, तिघं मिळून सुरू करू.

सर, हे पत्र तुमच्या घड्याळाच्या डबीत राहील. तुमचा पत्ता नाही आणि असता तरी तुम्ही त्यातल्या फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या असत्या. व्याख्यान मी नाकारू शकतो, एका फोनचं काम आहे. तो फोन मी केलेला नाही, कारण दारात चपला मावत नाहीत हे मला पाहायचं असतं. आणि आज सकाळी आरशासमोर तालीम करताना एक छोटी गोष्ट झाली. चौथ्या मिनिटाला बोट आपोआप वर गेलं, तिसऱ्या रांगेच्या उंचीला. मी ते खाली घेतलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गेलं. गॅरेजला जाऊन तिला सांगायला हवं आणि मी अजून गेलेलो नाही, म्हणून तुमच्या पत्रात तिला लिहितो, जिथे ती कधी वाचणार नाही. पोरी, मी तुझ्याकडे बोट रोखेन, तुझी वही उघडेन आणि 'ऊठ' म्हणेन. उठू नकोस. बसून राहा.