पातं सरळच आहे

बाबा,

कपाटवाल्या बाईंकडे जाऊन येते. दारांना अजून आठवडा लागेल, हे त्यांना तोंडावर सांगितलेलं बरं. चहा झाकून ठेवलाय, गरम करून घ्या.

काल तुम्ही म्हणालात, "पातं तिरकं झालंय, म्हणून दारांचे कोपरे गुण्यात, काटकोनात बसत नाहीत." म्हणून सकाळी करवतीच्या मशीनचा प्लग काढून सगळं तपासलं. पात्याच्या एका दाताला खडूची खूण केली. टेबलाच्या खाचेपासून त्या दाताचं अंतर पुढे मोजलं, मग पातं फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजलं. केसाइतकाही फरक नाही. गुण्या उभा लावला, तोही पात्याला चिकटून बसला. मग प्लग लावून एक फळी कापली. ती तुमच्या उशाशी आहे, कोपऱ्यांवरून बोट फिरवून बघा.

मशीनला नावं ठेवून झाली, लाकडाला झाली, माझ्या मापांनाही झाली. आता मला भांडायचंही त्राण नाही. काल फळी ढकलताना तुमचा अंगठा पात्याच्या किती जवळ गेला होता, ते तुम्हाला दिसलंच नाही. मी ओरडले ते त्यासाठी, कोपऱ्यासाठी नाही.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. "मला काय धाड भरलीय" म्हणाल, म्हणा. पण शर्ट बदलून तयार राहा. आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगा.

राहिलेली दारं मी परत आल्यावर कापते. तोवर मशीनला हात लावू नका. फ्यूज काढून सोबत नेतेय, शोधत बसू नका.