लॉगमध्ये नसलेले कारण

बाई, तुमच्या एका आज्ञेपाशी मी अडून बसले आहे, आणि विचारायचे कोणाला हे कळत नाही म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तान्ह्या बाळांना सलाइनमधून औषध देणारा आपला पंप आता नव्या चिपवर चालवायचा आहे. चिप स्वस्त आहे, पण तिची मेमरी तोकडी. जुना प्रोग्राम तिच्यासाठी नव्याने बांधायचा, तर लिहिलेला कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने कोणत्या फाइलला कसे वागवायचे याची सेटिंग्ज हवीत. ती सारी तुमच्या संगणकात होती; तुम्ही गेलात आणि तुमच्यामागोमाग त्याची डिस्कही गेली. उरला तो तुम्ही केलेल्या शेवटच्या पूर्ण बांधणीचा, बिल्डचा, लॉग. कंपायलरला दिलेली प्रत्येक आज्ञा त्यात ओळीने उमटलेली आहे. तो लॉग वाचून, प्रत्येक फाइलच्या आज्ञा वेचून सेटिंग्जची फाइल आपोआप तयार करील असा प्रोग्राम मी लिहिला. हाताने उतरवून काढणाऱ्यांवर माझा विश्वास कधीच नव्हता. माझा प्रोग्राम निर्दोष आहे, आणि तसे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

सगळ्या फाइलींना तुम्ही एकच शिस्त लावली होती: कोड आटोपशीर करावा, जागा वाचवावी. फक्त पंपाची मोटर फिरवणाऱ्या फाइलपुढे नेमकी उलट आज्ञा आहे. हिच्यात काहीही आवरू नये, लिहिली तशीच उतरवावी. मला वाटले, वेचण्यात चूक झाली. मग लॉग स्वतः वाचला. आज्ञा तुमचीच आहे. ती ठेवली तर प्रोग्राम चिपमध्ये मावत नाही. काढली तर मावतो आणि साऱ्या चाचण्या पार पडतात. ती का दिली होती, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही. जुन्या कंपायलरचा एखादा दोष टाळायला असेल, तर आज ती निरुपयोगी आहे. आवरलेला कोड भरभर धावतो; मोटरच्या दोन ठोक्यांमधले अंतर सांभाळायला ती असेल, तर काढणे म्हणजे एखाद्या बाळाच्या शिरेत औषध नको तितके जाणे. चाचण्या मी वाढवत नेल्या. पण नेमके काय बिघडायला हवे तेच ठाऊक नसताना शोधायचे तरी काय?

आणि मला तुमचा रागही येतो. फणसवाडीतले तुमचे स्वयंपाकघर आठवते. रविवारची सकाळ आहे, तुम्ही विळीवर नारळ खवता आहात आणि मी पाटावर बसून माझा कोड मोठ्याने वाचते आहे. मान वर न करता तुम्ही म्हणता, "थांब. ही ओळ कशाला?" "असू दे म्हणून घातली, बाई." खवणे थांबते. "असू दे? कारण न सांगता घरात शिरलेल्या माणसाला तू चहा विचारतेस का गं? काढ ती." मी काढते, डोळ्यांत पाणी आणून. त्या दिवसापासून कारण नसलेली ओळ मी कोणाचीही चालवून घेतलेली नाही. माझ्या हाताखालची माणसे माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात, ते मला माहीत आहे. तुम्ही मात्र ही ओळ ठेवून गेलात.

परळच्या इस्पितळात तुम्हाला भेटायला येत होते, तेव्हा तुम्ही पूर्ण शुद्धीवर होतात. नर्सच्या बांगड्यांपासून माझ्या वजनापर्यंत सगळ्यावर तुमचे मत होते. विचारले असते तर एका वाक्यात सांगितले असते. पण असा काही प्रश्न आहे, हेच तेव्हा मला ठाऊक नव्हते.

आपली कंपनी आता तुमचा भाचा चालवतो. परवा दादरच्या ऑफिसात त्याने विचारले, "ताई, चाचण्या पास आहेत ना?"

"आहेत."

"मग अडलंय कुठे?"

"ती आज्ञा बाईंनी घातली आहे."

"अहो, मावशीने जिन्यातल्या दिव्याचं बटणही उलटं बसवलंय! सगळंच काय देव्हाऱ्यात ठेवायचं?" सगळे हसले. मीही हसले असते, 'बाईंनी घातली आहे' हे उत्तर माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी दिले असते तर. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मोठी चिप घेतली तर हा पंप छोट्या दवाखान्यांना परवडणारच नाही. त्यांच्याकडे आज काहीच नाहीये, ताई. सोमवारपर्यंत कारण सापडलं तर थांबू. नाही सापडलं तर ती आज्ञा काढून सही करा." त्याचे काही चुकत नाही, आणि मला तेच सहन होत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, त्यामुळे खरे ते लिहिते. सोमवारी मी सही करीन. नवा पंप पहिल्या बाळाला लावतील तेव्हा मला तिथे उभे राहू द्यावे, अशी परवानगी मी मागून ठेवली आहे. तिथे उभी राहून मी काय करणार आहे, ते मला माहीत नाही.