बेचाळीस फोटोंची एक अळंबी

लेस्टर, २१ सप्टेंबर

प्रिय धम्माताई,

सप्रेम जय भीम. फोनवर आपलं 'जेवलास का, थंडी आहे का' याच्या पुढे जातच नाही. दहावीच्या पेपराला न बसता मी पळालो, तेव्हापासूनच तसं आहे. म्हणून लिहितोय. चुका तपासू नकोस, बाई तू तुझ्या शाळेत.

तुझ्या भावजयीची, रचनाची, हॉस्पिटलात ड्युटी, मी फरसाणच्या फॅक्टरीत. दीड वर्षातलं हे माझं चौथं काम. पण रविवारी सकाळी मी जंगलात पोटावर झोपलेला असतो! हसू नकोस. अलका मॅडम म्हणून आहेत, पुण्याच्या, रिटायर्ड. त्या अळंब्यांचे फोटो काढतात. त्यांची बॅग उचलायला गेलो आणि अडकलो. नखाएवढ्या अळंबीच्या अगदी जवळ गेलं की कॅमेऱ्यात केसभर पट्टीच स्पष्ट येते, पुढचं-मागचं धूसर. म्हणून फोकस कणभर सरकवायचा, फोटो. परत सरकवायचा, फोटो. असे बेचाळीस. मग कॉम्प्युटर प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एकच फोटो करतो. स्टॅकिंग म्हणतात त्याला. मध्ये वारा आला की पहिल्यापासून.

पहिल्याच वेळी अळंबीवर एक बारका किडा चालत होता, मला दिसलाच नाही. जोडलेल्या फोटोत तोच किडा सात ठिकाणी, रांगेत. मॅडम म्हणाल्या, "प्रणय, हा मोर्चा कुठे निघाला रे?" मी चिडून स्टँड गुंडाळायला लागलो. तर म्हणतात, "निघालास? जा. अळंबी काही तुझ्या मागे येणार नाही." मग काय, परत चिखलात. अकराच्या सुमारास जमलं. ताई, टोपीखालची झालर अशी दिसली की एकेक पदर मोजावा! दोन तास मी एका जागी होतो. मी!

आता खरं सांगतो. इथल्या एका संग्रहालयात पुढच्या उन्हाळ्यात असे फोटो काढायला माणूस घेणार आहेत. फॉर्मवर शिक्षणाचा रकाना आहे. फॅक्टरीतला विनय म्हणतो, "दहावी पास लिही की, कोण बघतंय!" पेन टेकवलं होतं, पण नाही लिहिलं. शाळेतून माझा दाखला काढशील? सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचंय, आणि मुदत थोडी आहे. मागच्या वेळी शेवटची घंटा होईपर्यंत तू फाटकाशी उभी होतीस, हे मला आईनं फार उशिरा सांगितलं. गणिताची अजून भीती वाटते. तरी येतोय परीक्षेला. या वेळी सोबत येऊ नकोस. मी एकटा आत जाईन, आणि पेपर गोळा करेपर्यंत उठणार नाही.

तुझाच, दाखल्याची वाट बघणारा,
प्रणय